बापानं शिकवलेलं वाक्य

अ‍ॅरिस्टोफेनीसचं नाव निघालं की एक ठरलेलं वर्णन कानावर पडतं: जुन्याचा कैवारी, नव्याचा वैरी. अथेन्समध्ये सोफिस्ट, म्हणजे पैसे घेऊन वाद घालायला शिकवणारे शिक्षक, आले, तरुण पोरं वाया गेली, देवाधर्माची टिंगल सुरू झाली आणि या प्राचीन ग्रीक विनोदी नाटककारानं जुन्या मूल्यांची बाजू घेऊन नव्या विचारांना झोडपून काढलं. प्रस्तावनांमध्ये हे असतं, परीक्षेच्या टिपणांमध्येही असतं.

मला ते पटत नाही. त्याच्या नाटकांत जुनं मोडतं, हे खरंच आहे. पण ते मोडायला पहिला हात कोण लावतो ते बघा. तो माणूस क्वचितच तरुण असतो. बहुतेकदा तो घरातला कर्ता असतो, केस पिकलेले असतात, आणि त्या मोडतोडीतून त्याला काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ‘ढग’ या नाटकात. आमच्या नाट्यवाचनाच्या गटात त्यातल्या बापाचं काम मी वाचते. मनातल्या मनात वाचताना जे निसटून जातं ते मोठ्यानं वाचताना घशात अडकतं. या बापाच्या बाबतीत माझं तसंच झालं.

आधी काळ सांगते. ‘ढग’ पहिल्यांदा झालं इ.स.पू. ४२३ च्या वसंतात, नाट्यदेव डायोनायससच्या मोठ्या उत्सवात. स्पार्टाशी युद्ध सुरू होऊन आठ वर्षं होत आली होती. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या धोरणामुळे गावाकडची माणसं शेतं सोडून शहराच्या तटबंदीत येऊन राहिली होती, आणि स्पार्टाचं सैन्य येऊन त्यांची पिकं, वेली तोडून जाळून जात होतं. इ.स.पू. ४३० मध्ये त्या गर्दीत साथ पसरली, आणि पुढच्याच वर्षी खुद्द पेरिक्लीस गेला. म्हणजे प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या मनात एक हरवलेलं शेत होतं, आणि डोळ्यांसमोर होतं एक शहर, जिथं सगळं बोलण्यावर चालतं. सभेत ज्याचं भाषण रंगेल त्याचा ठराव, न्यायालयात ज्याचं तोंड चालेल त्याचा निकाल. इ.स.पू. ४२७ मध्ये सिसिलीहून गॉर्जियस हा वक्ता वकिलातीवर आला आणि त्याच्या भाषणानं अथेन्सकर थक्क झाले. असं बोलायला शिकवणारे शिक्षक पैसे घेत, आणि लोक ते आनंदानं देत.

नाटक उघडतं ते रात्री. स्ट्रेप्सियाडीस हा म्हातारा शेतकरी जागा आहे. शेजारी मुलगा फायडिप्पिडीस पाच पांघरुणांत गुरफटून घोरतोय, आणि झोपेतही घोड्यांच्या शर्यतीबद्दलच बडबडतोय. बाप दिवा लावायला सांगतो, हिशेबाची वही मागवतो आणि कर्जं वाचायला लागतो. एका घोड्याचे १२ मिना. एक मिना म्हणजे १०० द्राख्मा, आणि त्या काळी कसबी कारागिराला दिवसाला साधारण एक द्राख्मा मिळे. म्हणजे त्या एका घोड्यात एका गवंड्याची तीन वर्षांहून जास्त मजुरी गेली. महिनाअखेर आली की व्याज चढतं, म्हणून या माणसाला चंद्र उतरताना पाहूनच धडकी भरते.

मग तो आपल्या लग्नाचं सांगतो. हा खेड्यातला; बायको शहरातली, मेगाक्लीसच्या बड्या घराण्यातली. लग्नाच्या रात्री याच्या अंगाला नव्या दारूचा, वाळत घातलेल्या अंजिरांचा आणि लोकरीचा वास. तिच्या अंगाला अत्तराचा आणि केशराचा. मुलाचं नाव ठेवताना तिला त्यात ‘घोडा’ हवा, याला आपल्या काटकसरी बापाचं नाव हवं. शेवटी दोन्ही जोडून नाव ठेवतात. आई मुलाला मांडीवर घेऊन म्हणायची, मोठा झालास की मामासारखा उंची झगा घालून रथातून नगरात येशील. बाप म्हणायचा, मोठा झालास की माझ्यासारखं कातडं पांघरून डोंगरावरून शेळ्या हाकत आणशील. मला हा उतारा फार आवडतो. मुलगा काही चुकायच्या आधीच दोन जगांनी त्याच्यावर दावा सांगितलेला आहे.

आणि आता खरी गोष्ट. कर्जात बुडालेला हा बाप मुलाला उठवून काय सांगतो? घोडे सोड, शेतावर चल? तसं तो म्हणत नाही. तो शेजारची एक शाळा दाखवतो. तिथं म्हणे दोन युक्तिवाद मिळतात, एक सबळ आणि एक दुर्बळ. पैसे दिले की दुर्बळ बाजूनं, म्हणजे खोट्याच्या बाजूनं, जिंकायला शिकवतात. तू ते शीक, म्हणजे तुझ्यापायी झालेल्या कर्जातला एक ओबोलही (द्राख्माचा सहावा भाग) मला कुणाला द्यावा लागणार नाही. मुलगा नाही म्हणतो. त्याला त्या फिकट चेहऱ्याच्या, अनवाणी लोकांत जायची लाज वाटते. मग म्हातारा स्वतःच जाऊन दार ठोठावतो.

शाळेत गेल्यावरचे विनोद प्रसिद्ध आहेत: पिसवाचे पाय मेणात बुडवून तो स्वतःच्या किती पावलं उडतो हे मोजणारे शिष्य, टोपलीत बसून हवेत लटकणारा त्यांचा गुरू सॉक्रेटिस. मी त्यांच्यावर थांबत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हाताऱ्याचं स्वतःचं डोकं. ढेकणांनी भरलेल्या बिछान्यात, पांघरुणाखाली बसवून त्याला ‘विचार कर’ सांगितलं जातं, तेव्हा त्याला दोन कल्पना सुचतात. एक, थेसलीची चेटकीण विकत घ्यायची, रात्री चंद्र खाली उतरवून डब्यात बंद करायचा. चंद्रच उगवला नाही तर महिना संपणार नाही, आणि महिना संपला नाही तर व्याज लागणार नाही. दुसरी, औषधवाल्यांकडे मिळते ती पारदर्शक काच उन्हात धरायची आणि कारकून मेणाच्या पाटीवर फिर्याद लिहीत असेल तेव्हा लांबूनच ती अक्षरं वितळवायची. सॉक्रेटिसनं यातलं काहीही त्याला शिकवलेलं नाही. हा शेतकरी चलाखी सोबत घेऊनच आलाय. शाळेकडून त्याला हवी आहे फक्त तिच्यावर एक शास्त्राची मोहोर.

मी आयुष्यभर शिकवलं. मूल वर्गात आणून सोडणाऱ्या आणि ‘त्याला काय यायला हवं’ याची यादी हातात देणाऱ्या पालकांना मी ओळखते. त्या यादीत ‘चांगला माणूस होणं’ हा शब्द क्वचित असायचा. त्यामुळे स्ट्रेप्सियाडीस मला विदूषक वाटत नाही.

विसराळूपणामुळे म्हाताऱ्याला शाळेतून हाकलतात. घरी येऊन तो मुलाला दम देतो: शिकायला जा, नाहीतर घराबाहेर हो. आणि इथं ती जागा येते जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. मुलगा घाबरून म्हणतो, ‘ऑलिम्पसच्या झ्यूसची शपथ, बाबा, तुम्हाला झालंय काय?’ बाप हसतो. एवढा मोठा घोडा झालास आणि अजून झ्यूसला मानतोस? पोरवयात असले जुनाट विचार! मग जवळ बोलावतो आणि गुपित सांगावं तसं सांगतो: झ्यूस वगैरे कुणी नाही, झ्यूसला हाकलून आता भोवरा (म्हणजे आकाशातली गरगर) राज्य करतो.

म्हणजे या नाटकात ‘जुनाट’ हा शेरा पहिल्यांदा मारतो तो बाप, आणि मारतो तो मुलावर. मुलगा या क्षणी देवाची शपथ घेणारा, घोडे आवडणारा, अभ्यासाचा कंटाळा असलेला साधा पोर आहे. तो नाइलाजानं निघतो आणि जाता जाता म्हणतो, एक दिवस याचा तुम्हाला पश्चात्ताप होईल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे वाक्य मला धमकी वाटलं होतं. मोठ्यानं वाचल्यावर त्यात काळजी ऐकू आली. आमच्यात मुलाचं काम करणाऱ्यानं ते अगदी हळू म्हटलं, आणि मला ते तसंच बरोबर वाटतं.

पुढे दोन युक्तिवाद माणसांच्या रूपात मंचावर येऊन भांडतात. जुन्या शिक्षणाचं वर्णन अप्रतिम आहे. पिठासारखं हिम पडत असलं तरी आळीतली मुलं अंगावर पांघरूण न घेता, रांगेनं, गाणं शिकायला जायची. वाडवडिलांच्या चालीत गायची, उगाच ताना घ्यायची नाहीत. मोठी माणसं आली की जागेवरून उठायची. जेवताना मोठ्यांच्या आधी मुळ्याला हात लावायची नाहीत. मॅरेथॉनला पर्शियनांशी लढलेले वीर याच शिक्षणानं घडले. आणि मग तो तरुणाला सांगतो: बाजारात टवाळक्या करत बसू नकोस, अकादमीच्या राईत जा, पवित्र ऑलिव्हच्या झाडांखाली गुणी सोबत्याबरोबर धाव, वसंतात चिनार एल्मशी कुजबुजतो ते ऐक. कवीचं प्रेम इथं खरं आहे. नुसत्या टिंगलीसाठी कुणी असं लिहीत नाही.

पण त्याच भाषणात हा सदाचाराचा पुतळा मुलांच्या शरीरांबद्दल इतकं बारकाईनं बोलतो, वाळूत बसल्याचा ठसा कसा पुसायचा इथपर्यंत, की त्याचं लक्ष कुठं आहे ते लपत नाही. आणि समोरचा, तो दुर्बळ युक्तिवाद, जिंकतो तो कशाच्या बळावर? जुन्याच कथांच्या. गरम पाण्यानं नाहल्यानं माणूस नरम पडतो म्हणतोस, मग गरम झऱ्यांना महाबली हेराक्लीसचं नाव का? परस्त्रीबरोबर सापडलास तर सांग, झ्यूसही प्रेमापुढं हरला, मी तर साधा माणूस. शेवटी तो प्रेक्षकांकडे बोट दाखवतो: वकील कोण, शोकांतिका लिहिणारे कोण, पुढारी कोण? सगळे माझ्याच पंथाचे. जुना युक्तिवाद प्रेक्षकांवरून नजर फिरवतो, त्याला ते मान्य करावं लागतं, आणि तो अंगावरचं वस्त्र फेकून त्यांच्यातच सामील होतो.

यानंतर बापाला पुन्हा विचारलं जातं: मुलाला परत नेतोस की शिकवू? अजूनही परतीची वाट आहे. तो म्हणतो, शिकवा, ठोका, आणि त्याच्या तोंडाला नीट धार लावा: एक जबडा लहान दाव्यांसाठी, दुसरा मोठ्यांसाठी.

मुलगा फिकट चेहऱ्यानं परत येतो आणि बाप आनंदानं वेडा होतो. आता तुझ्या चेहऱ्यावर नाकबुली दिसते, उलट प्रश्न दिसतो, खरा अथेन्सकर दिसतोस! सावकार येतात. त्यांतला एक याच्याच वस्तीतला आहे, आणि पैसे परत करीन म्हणून यानं त्याच्याकडे देवांच्या शपथा घेतल्या होत्या. आता तो त्या शपथांना हसतो. दुसऱ्याला विचारतो, इतक्या नद्या मिळूनही समुद्र वाढत नाही, मग तुझा पैसा का वाढावा? आणि टोचणीनं टोचून त्याला पिटाळून लावतो. शेजाऱ्याला दिलेला शब्द आणि देवाला साक्षी ठेवून घेतलेली शपथ, जुन्या जगाचे हे दोन खांब. दोन्ही बाप स्वतःच्या हातानं पाडतो. मुलगा तेव्हा आत आहे.

मग जेवणानंतरचं भांडण. बाप म्हणतो, वाद्य घे आणि सिमोनिडीस या जुन्या कवीचं गाणं म्हण. मुलगा म्हणतो, पिताना गाणं ही दळणाऱ्या बायकांची जुनी रीत. बरं, जुन्या नाटककारांतला एस्किलस म्हण. तो तर नुसता गडगडाट! बरं बाबा, तुमच्या नव्या लोकांचं काहीतरी म्हण. तो युरिपिडीसचा एक उतारा म्हणतो, त्यात भाऊ बहिणीशीच संबंध ठेवतो. बापाला राहवत नाही, शब्दाला शब्द वाढतो आणि मुलगा बापावर हात टाकतो. लोक या प्रसंगावर लिहितात ते कवींच्या निवडीबद्दल. मला मात्र बाप पुढं जे बोलतो ते वाचवत नाही. तो म्हणतो: तुला वाढवलं मी. तू बोबड्या बोलात ‘ब्रू’ म्हणालास की तुला तहान लागलीय हे कळायचं, ‘मम्मा’ म्हणालास की भाकरी आणायचो, ‘कक्का’ म्हणायच्या आत तुला उचलून दाराबाहेर धरायचो. आणि आज माझा गळा दाबलास, मी ओरडत होतो, तरी बाहेर नेलं नाहीस. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विनोदी नाटकात हे आहे, आणि त्याला हसणं मला जमत नाही.

मुलाचं उत्तर थंड आहे. तुम्ही मला लहानपणी मारलंत ते माझ्या भल्यासाठीच ना? म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, मग मीही तुमच्या भल्यासाठी मारतो. बापाला मारू नये हा कायदा कुणीतरी माणसानंच केला, मी दुसरा करतो. कोंबडे बघा, बापाशी लढतातच. आणि बाप प्रेक्षकांतल्या आपल्या वयाच्या माणसांना म्हणतो, याचं बरोबर दिसतंय. आईलाही मारीन असं मुलगा म्हणतो तेव्हाच तो भानावर येतो.

तेव्हा तो ढगांना, म्हणजे नाटकातल्या कोरसला, विचारतो, मला आधी का नाही सांगितलंत? ढग म्हणतात, हे तूच ओढवून घेतलंस, वाईटाकडे तूच वळलास. आणि स्ट्रेप्सियाडीस कबूल करतो: कठोर आहे, पण न्यायाचं आहे, उसने घेतलेले पैसे मी बुडवायला नको होते. या एका वाक्यापाशी नाटक थांबलं असतं तर त्याला सद्बोधाची गोष्ट म्हणता आलं असतं. पण लगेच पुढच्या ओळींत तो मुलाला म्हणतो, चल, त्या सॉक्रेटिसचा सूड घेऊ. मुलगा म्हणतो, मी गुरूंना दुखावणार नाही. बाप म्हणतो, पितरांच्या झ्यूसची तरी लाज धर. आणि मुलगा उत्तर देतो: ‘पितरांचा झ्यूस! किती जुनाट आहात तुम्ही. झ्यूसला हाकलून आता भोवरा राज्य करतो.’

बापानं शिकवलेलं वाक्य. मूळ ग्रीकमध्येही ती ओळ शब्दशः तीच आहे, साडेसहाशे ओळींपूर्वीची. मुलानं नवीन काही जोडलेलं नाही. घरातून निघताना जे ऐकलं ते तो परत करतोय, ‘जुनाट’ या शेऱ्यासकट. मला या ओळीत सगळं नाटक दिसतं. नव्या विचारानं घर फोडलं असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं या दोन जागा शेजारी ठेवून वाचाव्यात.

मग म्हातारा शिडी लावून शाळेच्या छपरावर चढतो आणि आग लावतो. आतला शिष्य ओरडतो, काय करतोस? तो म्हणतो, तुमच्या घराच्या तुळयांशी सूक्ष्म वाद घालतोय. मग तोच म्हणतो, मी हवेत चालतो आणि सूर्याचं चिंतन करतो, म्हणजे टोपलीतल्या सॉक्रेटिसचीच ओळ. परंपरेच्या नावानं हातात मशाल घेतली तरी तोंडात भाषा नव्या शाळेचीच आहे. मागं जायला त्याच्याकडे स्वतःचे शब्द उरलेले नाहीत. हा जाळपोळीचा शेवट, प्राचीन टिपणाप्रमाणे, नंतर सुधारलेल्या संहितेतला आहे. आज आपण वाचतो ती तीच संहिता, आणि ती रंगमंचावर कधी आलीच नाही.

पहिला प्रयोग पडला होता: तिघांत तिसरा क्रमांक. पहिला आला क्रॅटिनस. आदल्या वर्षी, जेमतेम विशी ओलांडलेल्या अ‍ॅरिस्टोफेनीसनं याच ज्येष्ठ कवीची ‘संपलेला, दारुडा म्हातारा’ म्हणून भर नाटकात खिल्ली उडवली होती. क्रॅटिनसनं उत्तर म्हणून ‘बुधली’ लिहिलं, त्यात स्वतःलाच पात्र केलं: विनोदिनी, म्हणजे विनोदी नाट्यकलाच, ही त्याची लग्नाची बायको, आणि नवरा दारूच्या नादी लागला म्हणून ती सोडून जायला निघालेली. ते नाटक आता तुकड्यांतच उरलंय. मॅरेथॉनच्या पिढीचं गुणगान करणारा पोरगा एका खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्याकडून हरला. आणि मॅरेथॉनची लढाई इ.स.पू. ४९० ची. कवीनं ती पिढी तिच्या भरात पाहिलेलीच नव्हती. ती त्यालाही ऐकूनच माहीत होती.

पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ४२२ मध्ये, तो ‘गांधीलमाश्या’ घेऊन आला आणि इथं घराची मांडणीच उलटी केली. मुलगा ब्देलिक्लीऑन शहाणा, नीटनेटका. बाप फिलोक्लीऑन न्यायालयाच्या नादानं वेडा. मुलानं घराला जाळं लावून त्याला कोंडलंय. मतदानाचा खडा चिमटीत धरायची इतकी सवय, की झोपेतून उठतानाही त्याची बोटं तशीच जुळलेली असतात. ज्यूरीला दिवसाचे तीन ओबोल मिळत; ही रक्कम क्लीऑन या पुढाऱ्यानं वाढवलेली. त्या काळी माणसं सुटी नाणी तोंडात ठेवत. म्हातारा सांगतो की तो घरी आला की मुलगी पाय धुते, तेल लावते, ‘बाबा, बाबा’ करत मुका घेते आणि जिभेनं ते तीन ओबोल अलगद काढून घेते. त्याला वाटतं, हा केवढा मान.

मुलगा हिशेब मांडतो. साम्राज्याचं उत्पन्न जवळजवळ २,००० टॅलेंट (एक टॅलेंट म्हणजे ६,००० द्राख्मा). ६,००० ज्यूरी, वर्षाला ३०० दिवस, रोजी तीन ओबोल, म्हणजे १५० टॅलेंट. बाकीचे कुठं जातात? म्हातारा गप्प होतो. या नाटकातला कोरस गांधीलमाश्यांच्या रूपातल्या म्हाताऱ्या ज्यूरींचा, पर्शियनांशी लढलेल्या, नांगी असलेल्या वीरांचा आहे, आणि ती नांगी आज तीन ओबोलांवर एका नव्या पुढाऱ्यानं भाड्यानं घेतली आहे. इथंही व्यवहार म्हाताऱ्यांनीच केलाय.

मुलगा मग बापाला नव्या चालीरीती शिकवतो: पर्शियन झगा, स्पार्टन जोडे, मेजवानीत कसं रेलायचं, काय बोलायचं. बाप मेजवानीला जातो, पितो, लोकांना झोडपतो आणि बासरीवालीला पळवून आणतो. तिला तो म्हणतो, मी अजून तरुण आहे, मालमत्ता माझ्या हातात नाही. पोरगा माझ्यावर फार पहारा ठेवतो. तो मेला की तुला सोडवून घेईन. शेवटी म्हातारा आद्य नाटककार थेस्पिसच्या काळचे जुने नाच नाचतो आणि नव्या नर्तकांना आव्हान देतो. तोच या नाटकातला सगळ्यात जिवंत माणूस आहे. अ‍ॅरिस्टोफेनीस इथं कुणाची बाजू घेतो हे मला सांगता येत नाही, आणि म्हणूनच हे नाटक मला ‘ढग’इतकंच मोठं वाटतं.

‘बेडूक’ (इ.स.पू. ४०५) बद्दल थोडंच. नाट्यदेव डायोनायसस पाताळात जातो तो नुकत्याच वारलेल्या युरिपिडीसच्या ओढीनं, आणि घेऊन येतो एस्किलसला. ज्यानं नाटकांत घरगुती गोष्टी आणल्या, प्रश्न विचारायला शिकवलं, तो मागं राहतो. पण मला त्यातली नाण्यांची उपमा जास्त भिडते: आपली जुनी, खणखणीत नाणी बाजूला पडली आणि काल-परवा पाडलेली तांब्याची चालतात, तसंच माणसांचंही झालंय, असं कोरस म्हणतो. ती नाणी खरोखर तेव्हाच निघाली होती, युद्धानं तिजोरी रिकामी झाल्यामुळे. त्यांचा ठराव काही तरुणांनी केला नव्हता. तो नगरानंच केला होता.

सगळ्यात धारदार जागा मात्र उशिराच्या ‘स्त्रियांची सभा’मध्ये आहे, इ.स.पू. ३९१ च्या आसपासची. प्रॅक्सागोरा पुरुषाच्या वेशात सभेत बोलायची तालीम करते. तिचा मुद्दा असा: पुरुष सतत नवं काहीतरी करून बघतात, म्हणून नगर बुडालं. बायका मात्र धान्य भाजतात, पूर्वीसारखंच. डोक्यावर ओझी वाहतात, पूर्वीसारखंच. सण करतात, पूर्वीसारखेच. नवऱ्यांना छळतात, पूर्वीसारखंच. मग राज्य त्यांच्याच हाती द्या. ठराव मंजूर होतो, आणि तो का, तर नगरानं एवढी एकच गोष्ट अजून करून पाहिलेली नव्हती. सत्ता येताच प्रॅक्सागोरा जमीन, पैसा, घरं, संसार सगळं सामाईक करते. अथेन्सच्या रंगमंचावरचा सगळ्यात क्रांतिकारी कार्यक्रम परंपरेच्या नावानं आला.

डायोनायससच्या नाट्यगृहात मी एकदा बसले आहे, अ‍ॅक्रॉपोलिसच्या दक्षिण उतारावर. आज दिसतात ती दगडी आसनं अ‍ॅरिस्टोफेनीसनंतरच्या शतकातली. त्याच्या वेळी लाकडी बाकं होती. तिथं बसल्यावर मला एकच विचार येत राहिला, की ‘ढग’ पाहणाऱ्यांपैकी काही माणसं २४ वर्षांनी ज्यूरी म्हणून सॉक्रेटिससमोर बसली असतील. इ.स.पू. ३९९. आरोप होता तरुणांना बिघडवल्याचा आणि नगराचे देव न मानता नवे आणल्याचा. प्लेटोनं लिहिलेल्या बचावाच्या भाषणात सॉक्रेटिस ते नाटक कवीचं नाव घेऊन आठवतो: अ‍ॅरिस्टोफेनीसच्या विनोदी नाटकात तुम्ही पाहिलंय, कुणी एक सॉक्रेटिस लटकत फिरतो आणि मी हवेत चालतो म्हणतो. ज्यानं शिकवण्याचे पैसे कधी घेतले नाहीत त्याच्यावर पैसे देऊन खोटं शिकू पाहणाऱ्या बापाचं पाप चिकटलं होतं. नाटककारानं त्याच्यावर अन्याय केला असं मी म्हणेन, आणि त्याची नाटकं इतकी प्रिय असूनही म्हणेन.

पण त्याच भाषणात सॉक्रेटिस एक गोष्ट करतो, आणि ती कुठल्याही टीकाकारापेक्षा ‘ढग’ला जास्त नेमकं उत्तर देते. तो बापांना बोलावतो. मी तरुणांना बिघडवलं असेन तर ती मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांनी उठावं. त्यांना संकोच वाटत असेल तर त्यांच्या बापांनी, भावांनी उठावं. आणि तो गर्दीत दिसणारी माणसं एकेक करून दाखवतो: तो क्रिटो, क्रिटोब्युलसचा बाप, तो लिसानियास, एस्किनीसचा बाप, तो अ‍ॅडीमँटस, प्लेटोचा भाऊ. यांच्यापैकी एखादा साक्षीला आणायचं फिर्यादी मेलेटस विसरला असेल तर त्यानं आत्ता आणावा, मी माझा वेळ देतो. हे सगळे, तो म्हणतो, माझ्याच मदतीला आलेत. नंतर मतं मोजली गेली. फक्त ३० मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता.